सेकंदांची शर्यत : मावळचा घाट आणि अमेरिकेची धावपट्टी

श्रोतेहो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला तेव्हापासून बाहेरच्या मंडळींची अशी समजूत झाली आहे की, मावळात वेग आला तो या रस्त्यावरून आला. आमचे शिरगाव या रस्त्याच्या कुशीतच आहे. सोमाटण्याहून आत वळले की गाव लागते, आणि रात्री वाऱ्याची दिशा फिरली की मोटारींचा घोंगावा ऐकू येतो. तरीही आम्ही सांगतो की वेगाचे वेड आम्हांला मोटारींनी लावले नाही. सेकंदाचा हिशेब मावळच्या शेतकऱ्याला त्याआधीपासून येत होता. घरात घड्याळ नसेल, पण अमक्याचा गाडा किती सेकंदांत घाट चढला हे गावातले पोरदेखील सांगत असे.

आजचा विषय बैलगाड्याच्या शर्यतीचा आहे. त्याच्या जोडीने अमेरिकेत चालणाऱ्या मोटारींच्या एका शर्यतीचा इतिहासही आम्ही सांगणार आहोत. हा सांधा ओढूनताणून जुळवलेला वाटेल. आमचे शिक्षण बेताचे, आणि इंग्रजी आले ते कामगार कायद्याची पुस्तके कोश घेऊन उलगडता उलगडता. त्यामुळे वाचनाला शिस्त नाही, जे हाती लागले ते वाचले. अशा वाचनात ‘ड्रॅग रेस’ या प्रकाराची माहिती मिळाली, आणि पहिल्याच पानावर आम्ही थबकलो. सरळ पट्टी, उभ्या जागेवरून सुरुवात, वळण नाही, फेरी नाही, जे काय व्हायचे ते काही सेकंदांत. म्हणजे हा तर आमचा घाटच झाला!

पुणे जिल्ह्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. महाराष्ट्रात बैलांच्या शर्यती एकाच रीतीच्या नाहीत. विदर्भात शंकरपट भरतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला अनेक गाड्या एकदम सुटतात आणि पुढे येईल तो जिंकतो. आमच्याकडे मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात मात्र गाडा एकटा पळतो. गावाबाहेर चढाची एक लांब पट्टी राखलेली असते, तिला घाट म्हणतात. गाड्याला चार बैल, दोन जुवाला आणि दोन त्यांच्या पुढे. सर्वांच्या पुढे घोडी, तिच्यावर स्वार. खाली बैल जुंपून धरायला दहा-दहा माणसे लटकलेली असतात. निशाण पडले की ती बाजूला होतात, निवेदकाचा ‘भिर्रर्र’ असा आवाज कर्ण्यातून उठतो, आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळे संपलेले असते. या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. पलीकडे घड्याळवाला बसलेला असतो. पूर्वी हातातले थांबघड्याळ असे, हल्ली काही घाटांवर विजेवर चालणारी घड्याळे आली आहेत. वाद घालायचा तो घड्याळाशी घाला, ही घाटाची रीत.

ही रीत आम्हांला फार महत्त्वाची वाटते, आणि ती का ते सांगतो. पाटलाचा गाडा आणि कुळाचा गाडा एकमेकांसमोर उभे राहिले तर कोणी कोणाला पुढे जाऊ द्यायचे याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट आला. त्यातले वैर बैलगाड्याच्या शर्यतीवरूनच पेटते, आणि लोकांना ते खरे वाटले, कारण गावोगाव तसे घडत होते. घड्याळासमोर एकटा पळणारा गाडा कोणाला हरवीत नाही. तो फक्त आपले सेकंद देऊन जातो.

दुसरी रीत इनामाची. आमच्या घाटांवर पहिला क्रमांक एकाच गाड्याचा नसतो. ठरलेल्या सेकंदांच्या आत जेवढे गाडे आले तेवढे सगळे ‘पहिल्यात’ धरायचे, त्याच्या पुढच्या सेकंदातले ‘दुसऱ्यात’, आणि त्या त्या क्रमांकाचे इनाम सर्वांत वाटून द्यायचे. सर्वांत कमी वेळेच्या गाड्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, फळीफोडीचा मान निराळा. पण रोख रक्कम वाटली जाते. त्यामुळे एखाद्या जत्रेत पहिल्यात आलेल्या गाडामालकाच्या वाट्याला येणारे पैसे टेंपोच्या भाड्यालाही पुरत नसत. आम्ही तीस वर्षे बोनस आणि कराराच्या वाटाघाटीत घालवली आहेत. असे वाटप कोणा व्यवस्थापकाच्या डोक्यातून निघालेले आम्ही पाहिले नाही. ते शेतकऱ्यांनी आपसांत ठरवले होते.

आता अमेरिकेकडे वळू. दुसरे महायुद्ध संपले, तरणी पोरे घरी परत आली. हातात यंत्राचे ज्ञान आणि बाजारात स्वस्त जुन्या मोटारी. ती मोडून, हलकी करून, इंजिने वाढवून ही पोरे कॅलिफोर्नियातल्या वाळलेल्या तळ्यांच्या तळांवर आणि रात्री चक्क शहराच्या रस्त्यांवर शर्यती लावू लागली. माणसे मेली, वर्तमानपत्रे ओरडली, पोलीस मागे लागले. तेव्हा १९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन रीतसर शर्यत सुरू झाली, आणि १९५१ साली वॉली पार्क्स या गृहस्थाने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. शर्यत बंद करण्याऐवजी तिला रस्त्यावरून उचलून नियमांत बसवायचे, हे त्यांचे धोरण. पुढे १९५४ पासून या संस्थेची माणसे गावोगाव फिरून स्थानिक मंडळ्यांना सुरक्षित शर्यत कशी भरवावी हे शिकवीत हिंडली. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या जुन्या पुढाऱ्यांची आठवण झाली. तेही असेच पिशवी खांद्याला लावून कारखान्याच्या दारादारांत हिंडत.

त्यांची पट्टी पाव मैलाची, म्हणजे सुमारे चारशे दोन मीटर. सुरुवातीला निशाण घेऊन माणूस उभा राही, १९६३ पासून दिव्यांचा खांब आला. हळूहळू छंदाचा धंदा झाला. डॉन गारलिट्स हा फ्लॉरिडाचा माणूस या धंद्यातला सर्वांत मोठा. १९७० साली त्याच्या गाडीचा पायापाशी बसवलेला भाग फुटला आणि उजव्या पायाचा पुढचा तुकडा गेला. खाटेवर पडून त्याने विचार केला की चालकाने इंजिनाच्या मागे बसण्यातच खोट आहे, आणि पुढच्याच वर्षी इंजिन पाठीमागे असलेली गाडी घेऊन तो परत आला. थोड्याच वर्षांत सगळ्यांनी तीच रचना उचलली. शर्ली मल्डाउनी या बाईने १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा सर्वांत वेगवान गटाची विजेती होऊन दाखवली. जिथे बायांना आधी परवानाच मिळत नव्हता तिथली ही गोष्ट.

गारलिट्सची आणखी एक गोष्ट मात्र आम्ही सावकाश सांगणार, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. शर्यतीला हजारो माणसे तिकिटे काढून येत, जाहिराती मिळत, आणि जिवावर उदार होऊन गाडी पळवणाऱ्याच्या हाती पडे ते इंजिनाच्या दुरुस्तीलाही अपुरे. १९७२ साली गारलिट्सने शर्यतपटूंची वेगळी संघटना उभी केली. मोठ्या संस्थेची इंडियानापोलिसची प्रमुख शर्यत सप्टेंबरात, अमेरिकेतल्या कामगार दिनाच्या सुटीत भरते. त्याच सुटीत या लोकांनी टल्सा येथे आपली स्वतंत्र शर्यत लावली आणि इनाम भरघोस ठेवले. बहिष्काराला त्यांनी कामगार दिनच निवडावा हा योगायोग असेलही, पण आम्हांला तो फार गोड वाटला. शर्यतीतला माणूस हाही श्रम विकणारा माणूस आहे, हे त्यांनी त्या दिवशी चारचौघांत सांगितले. १९७५ पासून या शर्यतींत सिगारेटच्या एका मोठ्या कंपनीचा पैसा आला, बक्षिसे फुगली, आणि शर्यत कोणाची हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने पुन्हा उभा राहिला.

त्या देशात आज या जुन्या दिवसांची ओढ हाच एक मोठा व्यवहार होऊन बसला आहे. म्हातारे चालक जुन्या गाड्या पुन्हा बांधतात. १९६० च्या दशकातल्या रचनेच्या गाड्यांचे स्वतंत्र गट आहेत, आणि कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ १९९२ पासून त्यांचे मेळावे भरत आले. काही गाड्या तर शर्यतीला न पाठवता नुसत्या सुरू करून उभ्या ठेवतात, म्हणजे लोकांना तो आवाज ऐकता यावा. कारण ज्या पट्ट्यांवर हा आवाज घुमला त्या राहिल्याच नाहीत. लॉस एंजेलिसची लायन्स पट्टी १९७२ च्या डिसेंबरात बंद झाली, ऑरेंज काउंटीची १९८३ साली, आणि न्यू जर्सीतील इंग्लिशटाउनची २०१८ साली. कुठे शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, कुठे जमिनीला भाव आला.

जमिनीला भाव आला! हे तीन शब्द मावळात उच्चारायचे म्हणजे अर्ध्या सभेने मान डोलवायची आणि अर्ध्या सभेने खाली घालायची. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक महामंडळ स्थापन झाले, मग तळेगाव, चाकण, उर्से. धरणाला जमीन गेली, रस्त्याला गेली, कारखान्याला गेली, आणि उरली ती बंगल्यांच्या योजनांना. गहुंज्याला २०१२ साली क्रिकेटचे भव्य मैदान उघडले. चांगले आहे, आमची पोरेही बघायला जातात. पण गावाच्या घाटाची पट्टी सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे हे कोणी विचारले नव्हते, कारण तोवर ती जत्रेची होती. भाव आल्यावर विचारले गेले.

बैलाचेही तेच झाले. मोट गेली, नांगर ट्रॅक्टरला लागला, बाजाराचा माल टेंपोने जाऊ लागला. शेतीतून बैलाचे काम सुटले तसा शर्यतीचा बैल हा स्वतंत्र प्राणी झाला. खिल्लार जातीचा, दूध, अंडी, उडीद यांवर पोसलेला, नांगर न पाहिलेला. त्याला सांभाळतो कोण? पुष्कळ वेळा कारखान्यात तीन पाळ्या करणारा कामगार. आम्ही अशी कितीतरी घरे पाहिली आहेत की जिथे पगारातला मोठा हिस्सा गोठ्यात जातो, आणि पहाटे उठून बैलाचे खरारा-पाणी करते ती घरची बाई, जिला पूर्वी घाटावर उभे राहायलाही जागा नव्हती. चैत्रात जत्रा लागल्या की पाळीला माणसे येत नाहीत, व्यवस्थापन नोटिसा काढते, आणि आमच्याकडे खुलासा लिहून घ्यायला रांग लागते. ‘घरगुती अडचण’ असे लिहितो. अडचण गोठ्यात उभी असते हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

मग बंदी आली. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. पुढच्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध बऊरजवळ रस्त्यावर उतरलेल्या मावळच्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तिघे मेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कायद्याने काही संबंध नाही. पण त्या पावसाळ्यात आमच्याकडच्या माणसाला दोन्ही एकाच हाताच्या वाटल्या, आणि पुढची दहा वर्षे शर्यतीबद्दल जो कडवटपणा राहिला त्याचे मूळ थोडेफार तिथे आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती दोन्ही बंद ठरवल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अटी घालून वाट काढली, तिला आठवड्याच्या आत स्थगिती मिळाली. जानेवारी २०१७ मध्ये मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर लोक जमले, तमिळनाडूने कायदा बदलला, आणि एप्रिलात आमच्या विधिमंडळानेही बदलला. तो ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तिन्ही राज्यांचे कायदे ग्राह्य ठरवले.

बंदीच्या काळात काय झाले? पहाटे चोरून शर्यती झाल्या, गुन्हे दाखल झाले, आणि अनेकांनी बैल मोडले. त्यातच मार्च २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आली. पळवता येत नाही, नांगराला लागत नाही, आणि विकायला काढला तर बाजार पडलेला, अशा बैलाला दावणीला बांधून रोज खायला घालायचे. कायदा करणाऱ्यांनी या दोन कायद्यांचा एकत्र हिशेब मांडलेला आम्हांला तरी आढळला नाही.

येथपर्यंत आम्ही घाटाची बाजू सांगितली, आणि सभेत टाळ्या पडल्या असत्या तर इथेच पडल्या असत्या. पण २०१४ चा निकाल आम्ही वाचला आहे, आणि तो वाऱ्यावर सोडून देण्यासारखा नाही. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, असे त्यात म्हटले होते. त्यावर पुढे शासनाने समिती नेमली, तिने बैल पळू शकतो असा अहवाल दिला. मंडळी, बैल पळू शकतो हे कळायला समिती कशाला हवी? प्रश्न तो नव्हताच. तो कशाने पळतो, हा प्रश्न होता. पराणी टोचणे, शेपटी पिरगाळणे, ती दातांनी चावणे, बॅटरीचा झटका देणे, हे घाटावर होत होते. सगळेच करीत होते असे नाही, आणि चांगला गाडामालक बैलाला बोटही लावू देत नाही हे आम्हांला माहीत आहे. पण जे करीत होते त्यांना उरलेल्यांनी घाटाबाहेर काढले नाही. संघटना म्हणून जे काम आधीच व्हायला हवे होते ते न्यायालयाने केले, आणि न्यायालय करते तसे केले, म्हणजे सगळेच बंद करून.

जून २००८ मध्ये इंग्लिशटाउनच्या पट्टीवर स्कॉट कॅलिटा हा नामांकित चालक गाडी न थांबल्याने मरण पावला. त्यानंतर काही दिवसांतच संस्थेने सर्वांत वेगवान गटांची पट्टी पाव मैलावरून एक हजार फुटांवर आणली. पाव मैल हा त्या खेळाचा देव होता. पन्नास वर्षांचे सगळे विक्रम त्या मापाचे. जुने लोक हळहळले, काही आजही हळहळतात, पण माप तोडले. आणि तिथे मरणारा माणूस स्वतःच्या मर्जीने गाडीत बसलेला असतो. बैलाने कोणत्या करारावर अंगठा दिला आहे? ज्याला संप करता येत नाही, राजीनामा देता येत नाही, आणि जत्रेच्या दिवशी आजारपणाची रजा मागता येत नाही, असा तो एकच कामगार घाटावर असतो. आम्ही शर्यतीच्या बाजूचे आहोत. म्हणूनच हे आम्ही बोलायचे, शहरातल्या प्राणिमित्रांवर सोपवायचे नाही.

नव्या नियमांत पुष्कळ आहे. शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्याची तपासणी, जास्तीत जास्त एक हजार मीटरची धाव, काठी-चाबकाला मनाई. मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कागद चांगला आहे. पण मोकळीक मिळाल्यानंतर जे बदलले ते कागदावर नव्हते. मे २०२२ मध्ये चिखलीला मोठी शर्यत भरली, तिथले पहिले बक्षीस जेसीबी यंत्राचे होते. पुढे मोटारसायकली, ट्रॅक्टर, मोटारी यांची चढाओढच लागली. सेकंदांत बसतील तेवढ्यांनी वाटून घ्यायची जी इनामाची रीत होती तिला यंत्र वाटून देता येत नाही. जेसीबीचे तुकडे कसे पाडणार? मग अंतिम फेरी आली, एकच विजेता आला, बैलाची किंमत लाखांवर लाख चढली, आणि घाटाच्या वेशीवर पुढाऱ्यांच्या तसबिरींचे फलक गाड्यापेक्षा उंच झाले. अमेरिकेत सिगारेटवाल्यांनी जे केले ते इथे निवडणुकीच्या पैशाने होत आहे. पाळ्या करून बैल सांभाळणाऱ्या आमच्या सभासदाची जागा यात कुठे, तर गर्दीत.

जाता जाता एक गोष्ट. लोणावळ्याहून पुढे, मुळशीच्या हद्दीत, अँबी व्हॅलीची खासगी धावपट्टी आहे. २०१० नंतरच्या दशकात तिच्यावर ‘व्हॅली रन’ या नावाने खऱ्याखुऱ्या ड्रॅग रेस भरल्या. लाखो-कोटींच्या गाड्या आणि देशभरातून आलेले हौशी लोक. पोलिसांनी त्यांचा पाठलाग केला नाही, कारण पट्टी खासगी होती आणि गाडीला दुखत नाही. हे न्याय्यच आहे. तरी त्याच काळात त्याच डोंगररांगेच्या अलीकडे आमची माणसे पहाटे अंधारात, दिवे न लावता बैल जुंपीत होती, एवढे नोंदवून ठेवतो.

सध्या आमचा आग्रह दोन लहान गोष्टींचा आहे, आणि तो आम्ही तालुक्यातल्या यात्रा समित्यांपुढे मांडला आहे. घाटाच्या दोन्ही बाजूंना लाकडी कठडा हवा. उधळलेली बारी गर्दीत घुसते तेव्हा पुढे उभी असलेली पोरेच सापडतात, आणि गाडा धरणाऱ्यांचा विमा कोणी उतरवीत नाही. दुसरे म्हणजे इनामाच्या एकूण रकमेतला निम्मा भाग तरी जुन्या रीतीने, सेकंदांप्रमाणे वाटून द्यावा. कठड्याला दोन गावे तयार झाली आहेत. वाटपाबद्दल बैठक वैशाखात आहे, आणि विरोध मोठ्या गाडामालकांचा आहे.